दुबईची ऑफर आणि वर्षाची नोटीस

भाच्याने गेल्या महिन्यात एक एक्सेल शीट पाठवली. डावीकडे विमान कंपन्यांची नावं, वर रकाने: मूळ पगार, उड्डाण भत्ता, घर, शाळेची फी, सुट्ट्या, विमान कोणतं, कमांडला किती वर्षं. असे अकरा रकाने आणि शेवटी रंगीत बेरीज. भाचा एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. शिकला बारामतीला, राहतो पनवेलला, लॉगबुकात २,८०० तास. सोबत एक ओळ होती: "मामा, तू मासिकांत लिहितोस, तूच सांग कुठली नोकरी घेऊ." लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं, हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे.

मग मी विचारत सुटलो. आखातात असलेले, तिथून परत आलेले, कधीच न गेलेले असे वैमानिक भेटले. एका चार्टर्ड अकाउंटंटचं डोकं खाल्लं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. भाच्याच्या शीटमध्ये आत शिरण्याचे अकरा रकाने होते आणि बाहेर पडण्याचा एकही नव्हता. भारतीय वैमानिकाच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतो तो हाच न लिहिलेला रकाना.

'परदेश' हा शब्द आपण मोठ्या तोंडाने वापरतो, पण भारतीय पासपोर्टवर हे जग बरंच आक्रसतं. युरोपात उडवायचं तर तिथल्या परवान्यासाठी एटीपीएलच्या तेरा विषयांच्या परीक्षा पुन्हा द्यायच्या. त्या पास झाल्या तरी तिथे राहून काम करण्याचा हक्क लागतोच, आणि तो परवान्याबरोबर मिळत नाही. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून ब्रिटनचा परवाना वेगळा झाला, म्हणजे आणखी एक दार. अमेरिकेत पगार डोळे दिपवतात, पण ग्रीन कार्डाशिवाय मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहण्यात फारसा अर्थ नाही. उरतं ते आखात आणि आशियाच्या पूर्वेकडचा काही भाग. आखातातही सगळे एक नाहीत. एमिरेट्सकडे फक्त मोठी, रुंद बॉडीची विमानं: ए३८०, ७७७ आणि २०२४ च्या अखेरीस आलेलं ए३५०. फ्लायदुबई पूर्ण ७३७ वाली. शारजाची एअर अरेबिया ए३२० वाली, म्हणजे भाच्याला सर्वांत कमी नवं शिकावं लागेल अशी. कतार आणि एतिहादकडे मोठी आणि छोटी दोन्ही. २०२३ साली सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने स्थापलेल्या रियाध एअरने ७८७ मागवली आहेत आणि माणसं जमवायला सुरुवात केली आहे.

आता पैसे. इथे लोक सर्वांत जास्त बोलतात आणि सर्वांत जास्त चुकतात. समजा, भारतातल्या एका कॅप्टनचा वर्षाचा पगार ८४ लाख आहे. नव्या करप्रणालीचे २०२५-२६ चे दर लावले, ७५ हजारांची प्रमाणित वजावट दिली, दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर धरला, तर कर होतो साधारण पावणेचोवीस लाख. हातात सव्वासाठ. म्हणजे दुबईत ६० लाखांचा पगार मिळाला तरी तो इथल्या ८४ लाखांच्या बरोबरीचा. शीटमध्ये भाच्याने दोन्ही आकडे करापूर्वीचे लिहून शेजारी शेजारी ठेवले होते, आणि त्यामुळे आखात त्याला 'थोडंसंच जास्त' वाटत होतं.

त्यातच चलनाचा मुद्दा आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमात कमावून रुपयांत गृहकर्ज फेडणाऱ्याला न मागता पगारवाढ मिळते. ज्या पोराने वैमानिक होण्यासाठी पन्नास लाखांच्या पुढचं कर्ज डोक्यावर घेतलंय, त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

पण करमुक्तीला तळटीपा आहेत. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले, तर ते वर्ष निवासी म्हणूनच मोजलं जातं. म्हणजे सप्टेंबर उलटल्यावर गेलात तर मार्चपर्यंतच्या तिकडच्या पगारावरही इथला कर. पुढे ज्याचं भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांवर आहे, भाडं म्हणा, शेअर म्हणा, त्याच्यासाठी ही मर्यादा १२० दिवसांवर येते. भारतातला प्रत्येक दिवस धरला जातो, मग तो आईच्या हातचं जेवण्यात जावो की मुंबईच्या लेओव्हरमध्ये. माझ्या सीएच्या म्हणण्याप्रमाणे वैमानिक मंडळी इंधन किलोत मोजतात, पण भारतातले दिवस मात्र अंदाजाने.

अमिरातीत प्रॉव्हिडंट फंडाऐवजी कायद्याने ग्रॅच्युइटी आहे: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, नंतर ३० दिवसांचा. शब्द 'मूळ' हा आहे. घर, फी, भत्ते मोठे आणि मूळ पगार छोटा अशी रचना असेल तर शेवटी हातात पडणारी रक्कमही छोटीच. फीचंही तसंच. किती मुलांची, कुठल्या इयत्तेपर्यंत आणि वरची मर्यादा किती, हे करारात शोधायचं. 'शिक्षण भत्ता आहे' एवढं वाचून खूश व्हायचं नाही.

पैशांपेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न डाव्या सीटचा, म्हणजे कमांडचा आहे. कॅप्टन डावीकडे बसतो, फर्स्ट ऑफिसर उजवीकडे, आणि या दोन फुटांच्या अंतरात वैमानिकाचं निम्मं आयुष्य जातं. बाकीच्या व्यवसायांत माणूस कंपनी बदलताना पद वर चढवून घेतो. इथे उलट होतं. सीनियॉरिटी कंपनीची असते, माणसाची नसते. नव्या ठिकाणी गेलात की यादीत शेवटी. कुठला बेस, कुठली सुट्टी, कमांड केव्हा, विमानं कमी झाली तर आधी कोण घरी, हे सगळं बऱ्याच कंपन्यांत त्या यादीवर ठरतं. काही वेळा बाहेरून थेट कॅप्टन घेतले जातात, पण ते ज्याच्या लॉगबुकात कमांडचे तास आहेत त्यालाच.

भारतात सध्या कमांड लवकर येते. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोने त्याच जूनमध्ये ५०० ची. येत्या दीड-दोन दशकांत तीस हजार वैमानिक लागतील असं हवाई वाहतूक मंत्री सांगत असतात. आकडा मंत्र्यांचा असला तरी दिशा खरी आहे. म्हणजे भाचा इथेच राहिला तर तिशीच्या आसपास डावीकडे बसेल. मोठ्या विमानांच्या कंपनीत गेला तर उजवीकडे कित्येक वर्षं, पण ७७७ च्या.

आणि इथे एक गोष्ट कागदावर दिसत नाही. चौदा तासांच्या उड्डाणाला चार वैमानिक असतात, लँडिंग एक. ते एकाच्याच वाट्याला येतं. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावीत असा नियम आहे, आणि लांब पल्ल्याचे कित्येक फर्स्ट ऑफिसर तो पुरा करायला सिम्युलेटरमध्ये जातात. भाचा आज एका दिवसात चार सेक्टर करतो: मुंबई–नागपूर–मुंबई–गोवा–मुंबई, पावसाळ्यात, आडव्या वाऱ्यात. हात याच वयात तयार होतो. मला विचाराल तर एकोणतिसाव्या वर्षी अटलांटिकवर ऑटोपायलटकडे बघत बसण्यापेक्षा जुलैमधलं गोव्यातल्या मोपाचं लँडिंग जास्त शिकवतं. पण मी विमान चालवत नाही, आणि ज्यांनी दोन्ही केलंय त्यांच्यातही यावर एकमत नाही. एक जण म्हणाला, "रोज चार सेक्टर वीस वर्षं करून बघ म्हणावं."

आता तो न लिहिलेला रकाना. २०१७ च्या ऑगस्टमध्ये डीजीसीएने नोटीस पीरियड वाढवला: फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कमांडरला पूर्ण एक वर्ष. आधी दोघांनाही सहा महिने होते. वैमानिक अचानक गेला तर उड्डाणं रद्द होतात, प्रवासी अडकतात आणि नवा माणूस लाइनवर सोडायला कित्येक महिने लागतात, हा नियामकाचा मुद्दा. तो खोटा नाही. पण याचा भाच्यासाठी अर्थ फार मजेशीर निघतो. आज तो निघाला तर सहा महिने. वर्षभर थांबून कमांड घेतली तर त्याची किंमत परदेशात दुप्पट होईल, आणि नोटीसही दुप्पट. कमांडर झाल्यावर बाहेरच्या कंपनीला सांगावं लागतं, "येतो, पण बारा महिन्यांनी." कुठली कंपनी थांबते? एखादी थांबते. बाकीच्यांची भरती तोवर बंद झालेली असते. विमान कंपन्यांची भरती पावसासारखी, येते तेव्हा धो धो, आणि मग दोन वर्षं कोरडी.

शिवाय इथल्या दुसऱ्या कंपनीत जायचं तर आधीच्या कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र, परदेशात जायचं तर तिथल्या नियामकाला हवं असलेलं डीजीसीएचं परवाना पडताळणीचं पत्र. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आकासा एअरने नोटीस न भरता गेलेल्या त्रेचाळीस वैमानिकांपैकी काहींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावे केले, तेव्हा हे सगळं चव्हाट्यावर आलं. कंपनीला रोज उड्डाणं रद्द करावी लागत होती. वैमानिकांचं म्हणणं, गुलामासारखं वर्षभर कोण बांधून ठेवणार? मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षं मिटत नाही. २०२५ मध्ये भारताने थेट आयसीएओ या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेपुढे तक्रार मांडली की परदेशी कंपन्या आमची शिकवून तयार केलेली माणसं उचलून नेतात, याला आचारसंहिता हवी. गंमत अशी की कतारने २०२० मध्ये परदेशी कामगारांना नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाच्या एनओसीची अट कायद्यातून काढून टाकली. कामगाराला मालकाशी बांधणाऱ्या ज्या कफाला पद्धतीवर आपण इतकी वर्षं टीका केली, तिथून ती अट गेली आणि आपल्या वैमानिकांच्या फायलीत ती राहिली.

आखातातून बाहेर पडण्याच्या दारालाही वेगळी कुलपं आहेत. नव्या विमानाचं टाइप रेटिंग कंपनीने करून दिलं की बाँड येतो; मुदतीआधी सोडलं तर उरलेला हिशोब भरायचा. व्हिसा नोकरीला टांगलेला. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत घर, गाडीचं कर्ज, मुलांची शाळा गुंडाळायची. अमिरातीत कामगार संघटना करता येत नाही, कतारमध्ये परदेशी माणसाला ती करता येत नाही. तक्रार असेल तर ती तुमची एकट्याची. आपल्याकडे संघटना आहेत, त्या कोर्टात जातात, जिंकतात-हरतात, पण निदान कोणीतरी तुमच्या वतीने कागद दाखल करतं.

वाईट दिवशी कोण कसं वागलं, याची नोंद फार जुनी नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. जेटच्या माणसांची थकबाकी वर्षानुवर्षं लवादांत फिरत राहिली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विसर्जित करायचाच आदेश दिला. मायदेशी कंपनी म्हणजे सुरक्षित, हा समज या तीन तारखांनी पुरता मोडून काढला आहे.

मग २०२०. हे वर्ष सगळ्या कंपन्यांसाठी एकाच प्रश्नपत्रिकेसारखं होतं. एमिरेट्सने बहुतेक कर्मचाऱ्यांचे पगार तीन महिने २५ ते ५० टक्क्यांनी कापले आणि शेकडो वैमानिक काढले. कतारने विदेशी वैमानिकांचे पगार २५ टक्क्यांपर्यंत खाली आणले. हाँगकाँगच्या कॅथेने ऑक्टोबरमध्ये ५,९०० माणसं काढायचं जाहीर केलं, कॅथे ड्रॅगन ही भगिनी कंपनी बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांपुढे कायमच्या कमी पगाराचे नवे करार ठेवले. चीनमध्ये तर त्याआधीच. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपर्यंत तिथे परदेशी कॅप्टनला वर्षाला तीन लाख डॉलर निव्वळ मिळत असल्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जायच्या. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याच परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजेवर बसवलं गेलं. भारतातही पगार कापले गेले, बिनपगारी रजा आल्या, सरकारी असलेल्या एअर इंडियानेही काही वैमानिकांना घरी पाठवलं.

यातून 'सगळे सारखेच' असा निष्कर्ष काढणं आळशीपणाचं होईल. फरक आहे तो क्रमाचा. संकट आलं की प्रत्येक देश आधी कोणाला बाजूला करतो? कंत्राटावरच्या परदेशी माणसाला. एजन्सीमार्फत घेतलेल्याला त्याहून आधी. सहा आठवडे उडवा, दोन आठवडे घरी या, अशा कम्यूटिंग करारांत रोख रक्कम छान असते, पण तुम्ही कोणाच्याच यादीत नसता. मला भेटलेला एक कोल्हापूरचा कॅप्टन इथली कंपनी बुडाल्यावर अशाच करारावर पूर्वेकडे गेला होता. वर्षभरात विषाणू आला. "निरोप ईमेलने आला," तो म्हणाला, "आणि माझे युनिफॉर्म अजून त्या हॉटेलच्या लॉकरमध्ये आहेत."

कॅथेची पुढची गोष्ट मात्र भाच्याने लक्षात ठेवावी अशी आहे. पगार कापलेले वैमानिक निघून गेले आणि २०२३ च्या नाताळात प्रवासी परतले तेव्हा विमान उडवायला माणसं नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज डझनभर उड्डाणं रद्द करावी लागली. ज्या कंपनीने वाईट दिवशी माणसं तोडली, तिला चांगल्या दिवशी ती विकत घ्यावी लागली. म्हणजे आज भरघोस बोनस देणारी जाहिरात दिसली की विचारायचं: आधीचे कुठे गेले?

रोस्टरबद्दल थोडक्यात. वैमानिकाला पगाराइतकीच झोप लागते. भारतात डीजीसीएने २०२४ मध्ये नवे नियम आणले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन. ते पूर्ण लागू व्हायचे होते २०२५ च्या नोव्हेंबरपासून, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची व्यवस्था कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. नियामकाने कंपनीला काही सवलती तात्पुरत्या परत दिल्या. विमानतळावर बॅगांच्या ढिगाऱ्यात झोपलेले प्रवासी सगळ्यांनी पाहिले. नियम कागदावर किती चांगला आहे यापेक्षा तो पाळायला पुरतील इतकी माणसं कंपनीने ठेवलीत का, हे त्या आठवड्याने उघड केलं. आखातातली झोपही काही गुलाबी नाही. तिथली मोठी केंद्रं मध्यरात्री जागतात, आणि भारताकडे येणारी किती तरी उड्डाणं पहाटे दोन-चारची असतात. मुंबईत उतरून तासाभरात परत. आईला फोन करावा तर ती झोपलेली.

मेडिकलचा रकाना मी शीटमध्ये घालायला लावला. कानात थोडी गडबड, साखर थोडी वर, आणि परवाना लटकला. तेव्हा किती महिने पगार चालू राहतो, परवाना गेल्याचा विमा कंपनी काढते की स्वतः काढायचा, जमिनीवरचं काम देतात की तिकीट देतात, हे विचारायला कोणालाच आवडत नाही. तिशीतला माणूस तर विचारतच नाही.

घरचं मात्र कुठल्याही रकान्यात बसेना. दुबई मुंबईपासून तीन तासांवर, म्हणजे नागपूरच्या रातराणी बसपेक्षा किती तरी जवळ. पण ते तीन तास स्टँडबाय तिकिटाचे असतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात एकही जागा रिकामी नसते. भाच्याची बायको ठाण्याच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा परवाना तिथे चालवायला वेगळी परीक्षा, वेगळा खर्च. हा खर्च त्याच्या शीटमध्ये नव्हता, तिने बाजूला पेन्सिलीने लिहिला होता. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्यांच्या घरापासून अगदी जवळ. पहाटे तीनच्या ड्युटीला कंपनीची गाडी सायनच्या ट्रॅफिकमधून जाणार नाही. याला आकडा काय द्यायचा, हे आम्हा दोघांनाही सुचेना.

रंगीत बेरीज आता त्याने काढून टाकली आहे. रकाने अकराचे अठरा झालेत, त्यातले सात बाहेर पडण्याचे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "मामा, नोटीस ईमेल पाठवल्याच्या तारखेपासून धरतात की कंपनीने स्वीकारल्याच्या?"

मी विचारलं, "म्हणजे ठरलं का?"

"नाही रे. रकाना भरतोय."